घरची बातमी मॅचनंतर

"शाम्या, मॅच राहू दे. संपाला आण."

अण्णांनी माझं मनगट धरलं होतं. नाकात नळी, छातीवर तारा, आणि बोटांत मात्र अजून वर्कशॉपमधला पाना फिरवायची ताकद. मी वाकलो. "काय म्हणालासा अण्णा?"

"खेळ राहू दे म्हटलं. पोराला आण. बघायचाय मला."

दोन वेळा म्हणाले आणि दोन्ही वेळा मला स्वच्छ ऐकू आलं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मी स्वतःला बरीच वर्षं उलटं पटवत होतो.

सकाळचे अकरा वाजले होते. काकी, म्हणजे अण्णांच्या मंडळी, खाली इंजेक्शनं आणायला गेल्या होत्या, त्यामुळे खाटेशी मी एकटाच होतो. तरुण डॉक्टर मघाशीच मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "आजचा दिवस निघाला तर बघू. मुलगा असेल तर बोलवून घ्या." मुलगा होता. दवाखान्यापासून चालत वीस मिनिटांवर, भालदार तालमीत, चटईवर आडवा पडून होता. त्याला बापाला ॲटॅक आलाय हेच माहीत नव्हतं. चार वाजता फायनल होती आणि तो आमचा सेंटर फॉरवर्ड होता.

"आणतो," मी म्हणालो.

अण्णांनी मनगट सोडलं.

आता कोल्हापूरबाहेरच्या माणसाला हे सांगायचं म्हणजे अवघडच. आमच्या पेठेत पोरगं जन्मलं की लोक आधी त्याचे पाय बघतात, मग तोंड. तालमी कुस्तीसाठी बांधल्या, पण माझ्या जन्माच्या आधीच प्रत्येक तालमीची फुटबॉल टीम झाली होती, आणि हौदातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली, माती निम्मी पैलवानांच्या अंगाला अन् निम्मी खेळाडूंच्या कपाळाला जात होती. आमची भालदार तालीम, किरमिजी जर्सी. दोन गल्ल्या सोडून पाराची तालीम, निळी जर्सी. त्यांच्या गल्लीतून आम्ही सायकलसुद्धा हातात धरून न्यायचो नाही, लांबनं जायचो.

हिंदुराव तिवले, म्हणजे अण्णा, एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. स्वतः कधी बरं खेळले नाहीत, पण तालमीची एकही मॅच त्यांनी चुकवली नव्हती. मी चार वर्षांचा असताना माझे वडील गेले. मला पहिली मॅच अण्णांनी खांद्यावर बसवून दाखवली, पुढं वर्कशॉपमध्ये चिकटवलंही त्यांनीच. मॅचच्या दिवशी हौदातली तांबडी माती बोटावर घेऊन अकरा जणांना टिळा लावायचा मान त्यांचा, आणि मैदानावर लिंबं-ग्लुकोजची पिशवी वाहायचा मान माझा.

आणि नियम त्यांचा.

पासष्ट साली आम्ही फायनलला होतो. त्या सकाळी कुणीतरी शहाण्यानं आमच्या गोलीला, पांडबाला, बायको बाळंत झाल्याचा निरोप पोचवला. पांडबा इतका हरखला की दोन साधे बॉल त्याच्या हातातनं निसटले. पाराची तालीम दोन-शून्य. ती मुलगी मोठी होऊन चांगली मास्तरीण झाली, पण पेठेत तिला शेवटपर्यंत 'दोन गोल' म्हणूनच ओळखलं गेलं. त्या संध्याकाळी अण्णांनी तालमीत सगळ्यांसमोर सांगितलं, इथून पुढं फायनलच्या आधी दोन रात्री टीम तालमीत झोपणार. दाराला कडी. जेवण अध्यक्षांच्या घरनं येणार. घरची बातमी, चांगली असो वाईट असो, मॅच झाल्यावर. नियम झाला, कप मात्र आला नाही. मधल्या वर्षांत तीन फायनली गमावल्या. चौऱ्याऐंशी साल उजाडलं तेव्हा आमच्या कपाटातला शेवटचा कप एकोणीस वर्षांहून जुना होता.

दोन दिवस अण्णा स्वतः तालमीच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. शनिवारी संध्याकाळी बरं वाटेना म्हणून घरी गेले आणि पहाटे छातीत कळ आली. काकींनी सांगावा धाडला तो मला.

"संपाला कळवूया का?" मी दवाखान्याच्या जिन्यात विचारलं होतं.

"मी कसं कळवू?" काकी पदरानं तोंड पुसत म्हणाल्या. "ह्येंचाच नियम. उद्या बरं झालं तर मलाच खातील. तूच बघ बाबा काय ते."

आणि आता ज्याचा नियम तोच म्हणत होता, खेळ राहू दे.

काकी इंजेक्शनं घेऊन आल्या तोवर अण्णांनी डोळे मिटले होते. "काय म्हणत हुतं रं?" त्यांनी विचारलं.

"मॅचचंच," मी म्हणालो आणि बाहेर पडलो.

जाताना मी संपाला आणायलाच निघालो होतो. खरंच. बिंदू चौकापर्यंत तरी तसंच होतं. तिथं पोरं रिक्षांना किरमिजी झेंडे बांधत होती, एकानं मला बघून आरोळी ठोकली, "शामदा, आज गुलाल!" आणि माझी पावलं हळू झाली. मी विचार करायला लागलो, आणि विचार करणारा माणूस आपल्याला पाहिजे तिथंच पोचतो. हे अण्णा बोलले का? पोरीच्या लग्नाची तारीख मॅचसाठी पुढं ढकलणारा माणूस फायनल सोडून दे म्हणेल? आजारपण बोलतंय. औषधाची गुंगी बोलतेय. उद्या शुद्धीवर आले की विचारतील, कुणी मोडला रे नियम? आणि माझ्या कानाखाली काढतील. तालमीच्या दारापाशी येईपर्यंत माझी खात्री झाली होती, की खरे अण्णा माझ्या बाजूला आहेत आणि खाटेवरचा माणूस दुसराच कुणीतरी आहे.

मला कप पाहिजे होता. एवढंच होतं ते. बाकी सगळं त्याच्यावर घातलेलं पांघरूण.

आत पोरं बूट पुसत बसली होती. संपा उठून आला. तेवीस वर्षांचा, काटक, कपाळावर केस. कारखान्यात रोजंदारी करायचा आणि बॉल पायात आला की राजा व्हायचा.

"शामदा, अण्णा कुठायत? टिळा कोण लावणार?"

"ते थेट मैदानावर जाणार हैत. जागा धरायला."

"टिळा न लावता?" तो हसला. "आज म्हातारं बावचळलंय."

"वय झालं की आता. मला सांगितलंय लावायला."

हौदातली माती चिमटीत घेऊन मी अकरा कपाळांवर लावली. संपासमोर आलो तेव्हा त्यानं खाली वाकून माझे पाय धरले, अण्णांचे धरायचा तसेच. मी मागे सरकलो. "अरं माझं कसलं धरतोस!" सगळे हसले. आबा इंगवले, आमचे अध्यक्ष, दारात उभे होते. त्यांना फक्त अण्णांना जरा बरं नाही एवढंच माहीत होतं. त्यांनी हळूच विचारलं, "कसं हाय?"

"बरं हाय," मी म्हणालो.

स्टेडियम तीनलाच भरलं. एप्रिलचं ऊन, पायऱ्या तव्यासारख्या तापलेल्या, तरी एक माणूस सावलीकडं सरकेना, कारण सावलीची बाजू पाराच्या पब्लिकची. पहिला हाफ शून्य-शून्य गेला. संपाचा खेळ लागत नव्हता. बॉल आला की आधी पायऱ्यांकडं बघायचा, मग बॉलकडं. अण्णांची जागा ठरलेली, तिसरी पायरी, खांबाशेजारी. तिथं दुसरंच कुणीतरी बसलं होतं.

हाफटाइमला मी लिंबं घेऊन आत पळालो. संपानं लिंबू घेतलं नाही.

"अण्णा दिसंनात, शामदा."

मला अजून आठवतं, त्याच्या टिळ्याची माती घामानं ओघळून भुवईपर्यंत आली होती. घड्याळात पावणेपाच वाजले होते. मैदानाच्या फाटकाबाहेर रिक्षा उभ्या होत्या, दहा मिनिटांत दवाखाना. तोंड उघडायचं आणि तीन शब्द बोलायचे, एवढंच काम होतं. संपा गेला असता तर आमची फळी मोडली असती, आणि पाराची तालीम पुढची वीस वर्षं आमच्या दारात येऊन नाचली असती.

"वरती बसल्यात," मी म्हणालो. "एकदम वरच्या पायरीवर, झेंड्याच्या खाली. ऊन लागायला लागलं म्हणून मीच पाठवलं. तुला बघायलेत की."

त्यानं वर बघितलं. तिथं शंभर-दोनशे टोप्या होत्या. त्यानं त्यातल्याच कुठल्यातरी टोपीला हात केला आणि लिंबू घेतलं.

दुसऱ्या हाफमध्ये पाराच्या तालमीनं कॉर्नरवर गोल केला. त्यांचं पब्लिक उठलं आणि आमच्याकडं बघून जे काही ओरडलं ते लिहिण्यासारखं नाही. मग आमचा संपा खेळायला लागला. काय खेळला! मी तिथून पुढं पस्तीस वर्षं मॅच बघितल्या, पण तसा अर्धा तास परत बघितला नाही. पहिला गोल त्यानं दोघांना अंगावर घेऊन केला. दुसरा, शेवटची चार मिनिटं राहिली असताना, बॉक्सच्या बाहेरून, डाव्या पायानं. बॉल जाळीत गेला आणि स्टेडियम अंगावर कोसळल्यासारखं वाटलं. मी कुणाच्या गळ्यात पडलो, कुणी माझा शर्ट फाडला, काही कळलं नाही.

आणि मग मला संपा दिसला. पोरं त्याला उचलायला धावत होती आणि तो त्यांच्या हातातनं सुटून आमच्या पायऱ्यांकडं पळत होता. खाली येऊन थांबला, दोन्ही हात वर केले आणि झेंड्याच्या खालच्या त्या टोप्यांकडं बघून ओरडला, "अण्णाऽऽ!" टोप्यांनी हात हलवले. त्याला वाटलं असणार, त्यातलाच एखादा हात.

शिट्टी वाजली. दोन-एक. गुलालाची पोती फुटली. आबा लहान पोरासारखे रडत होते. संपाला खांद्यावर घेऊन पब्लिक फाटकापर्यंत आलं, तेव्हा मला समोरून आमच्या गल्लीतला दिनकर रिक्षावाला येताना दिसला. तो नाचत नव्हता.

"सव्वापाचला गेले," तो माझ्या कानात म्हणाला.

सव्वापाच म्हणजे संपाच्या पहिल्या गोलाच्या आधी.

संपाला खांद्यावरून मीच उतरवलं. रिक्षात बसेपर्यंत त्याला वाटत होतं, अण्णांना गर्दीत चक्कर आली असेल. "म्हातारं नाचलं असणार," म्हणाला. दवाखान्याच्या पायऱ्या तो किटमध्येच चढला, फरशीवर त्याचे बूट वाजत होते, आणि मागून पेठेतली चाळीस-पन्नास माणसं गुलालानं माखलेली चढत होती. वॉर्डच्या दारात काकी बसल्या होत्या. त्यांनी त्याला बघून हंबरडा फोडला आणि त्याला सगळं कळलं.

आत जाऊन तो किती वेळ होता माहीत नाही. बाहेर आला तो सरळ माझ्यापाशी. दोन्ही हातांनी माझी कॉलर धरली.

"तुला कधी कळलं?"

पहिल्यांदाच त्यानं मला अरेतुरे केलं होतं. सगळे बघत होते. आबा बघत होते, दिनकर बघत होता, काकी बघत होत्या.

"सकाळी," मी म्हणालो.

"सकाळी! आणि मला सांगितलं न्हाईस? वरती बसल्यात म्हणालास! मी हात केला, शामदा... मी हात केला रे कुणाला तरी!"

त्यानं कॉलर आणखी आवळली. मी घाबरलो. त्याला घाबरलो नाही. त्या चाळीस तोंडांना घाबरलो. उद्यापासून या पेठेत मी कोण असणार होतो? बापाची आणि पोराची शेवटची भेट खाल्लेला माणूस. आणि मी बोललो.

"अण्णांनीच सांगितलं. माझा हात धरून सांगितलं. आधी मॅच, म्हणाले. संपाला कळवशील तर याद राख."

आबांनी मोठा हुंदका दिला. "वा रं वाघा!" म्हणाले. "मरताना सुद्धा तालीम सोडली न्हाई."

"शेवटपर्यंत भालदारचा माणूस," मागनं कुणीतरी म्हणालं.

संपानं कॉलर सोडली. "असं म्हणाले?"

"व्हय."

"आणि माझ्याबद्दल?"

मी नुसती मान हलवली. त्याचा अर्थ त्याला पाहिजे तो घेऊ दे, असं मला वाटलं. तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि जर्सीच्या बाहीनं कपाळ पुसायला लागला. टिळा केव्हाच गेला होता, तरी पुसतच होता.

तेराव्याच्या आत तालमीच्या भिंतीवर पेंटरनं हातभर अक्षरांत रंगवलं, 'आधी मॅच – कै. हिंदुराव तिवले'. पुढच्या वर्षी त्यांच्या नावानं स्पर्धा सुरू झाली. उद्घाटनाला मला बोलायला उभं करायचे आणि मी ते वाक्य सांगायचो. सुरुवातीला अडखळत, नंतर चांगलं जमायला लागलं. हात कसा धरला, आवाज कसा खोल गेला, सगळं. कुणी रडलं नाही तर मला चुकल्यासारखं व्हायचं.

दहाव्या दिवशी काकी मला म्हणाल्या होत्या, "तू गेल्यापास्नं सारखं दाराकडंच बघत हुतं बघ. जरा कुणाचं पाऊल वाजलं की मान वळवायचं. निकाल कवा येतोय म्हणून जीव अडकला हुता."

मी त्यांनाही 'व्हय' म्हणालो.

संपानं त्या दिवसानंतर बॉलला पाय लावला नाही. पेठ म्हणाली, दुःख फार झालं पोराला. महिन्याभरात चिंचवडला कारखान्यात लागला, तिथंच लग्न, तिथंच घर. स्पर्धेचं आमंत्रण दरवर्षी जायचं, तो यायचा नाही. काकींना भेटायला यायचा तोही पावसाळ्यात, मॅचचा सीझन नसताना.

मग दोन हजार एकोणीस साली काकी गेल्या. दिवसकार्य उरकल्यावर संध्याकाळी तो एकटाच माझ्या घरी आला. साठीला टेकलेला, डोक्यावर केस नव्हते. सुनेनं चहा दिला.

"शामदा, घर विकून टाकतोय. आता इकडं येणं व्हायचं न्हाई."

"स्पर्धेला तरी येत जा की एकदा. बक्षीस तुझ्या हातनं देऊ. अण्णांच्या नावाची स्पर्धा, आणि पोरगाच नाही."

तो हसला, पण हसण्यात गंमत नव्हती. "शामदा, मी त्यांचं एक श्राद्ध घातलं न्हाई आजपर्यंत. तुम्हाला म्हणून सांगतो. आईला खोटं सांगायचो, तिकडं घालतो म्हणून."

"असं का रं?"

"का काय? मरायला टेकलेल्या माणसाला पोरगं आठवतं. कुणालाबी आठवतं. ह्या माणसाला मॅच आठवली. वीस मिनटांवर होतो मी! माझा पोरगा चौदा वर्षांचा होता, शाळेच्या टीममध्ये घेतला त्याला. घरी आला नाचत. मी त्याचं किट जाळलं, शामदा, गॅलरीत, त्याच्यासमोर. म्हटलं, ह्या घरात हे परत येणार न्हाई. सहा वर्षं झाली त्याला. आता तो शिकायला कॅनडात हाय आणि माझ्याशी धड बोलत न्हाई."

सुनेनं आतून विचारलं, आणखी चहा ठेवू का. दोघांनीही नको म्हटलं.

"एक विचारू?" संपा म्हणाला. "तुम्ही शेवटचे होता त्यांच्यापाशी. आईबी खाली गेली होती म्हणे. खरं सांगा, माझं नाव तरी घेतलं का हो एकदा? काहीबी असू दे. शिवी असली तरी चालंल."

तोच क्षण होता. पस्तीस वर्षांनी तो परत माझ्या दारात आला होता, आपल्या पायांनी चालत. मी सांगणार होतो. तोंडही उघडलं. समोर त्याचा चेहरा होता, मागे पेठ, आणि त्या पेठेत मला अजून जगायचं होतं, मरायचं होतं, चौघांच्या खांद्यावरनं जायचं होतं. एकाहत्तराव्या वर्षी मी कॉलर कुणाकुणाच्या हातात देणार होतो?

"घेतलं की," मी म्हणालो. "न घ्यायला काय झालं? 'संपाला सांग, गोल मार' म्हणाले."

खरंच सांगतो, त्याला बरं वाटावं म्हणूनच म्हणालो.

त्यानं कप खाली ठेवला. माझ्याकडं बघितलं, आणि त्या बघण्यात राग नव्हता, काहीच नव्हतं.

"म्हणजे नाव घेतलं तेबी गोलसाठीच," तो म्हणाला आणि चपला घालायला उठला.